कार्ड बिघडले, छायाचित्रे कुठे गेली?

मकरसंक्रांतीच्या सुमारास सोलापुरात ग्रामदैवत सिद्धेश्वरांची यात्रा भरते. पांढऱ्याशुभ्र बाराबंदीतील भाविक सात नंदीध्वज पेलत मिरवणुकीने निघतात आणि संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा पार पडतो. अक्षता पडण्याचा क्षण हुकला, तर तो टिपण्यासाठी पुन्हा वर्षभर थांबावे लागते. अशा दिवशी घरी येऊन कॅमेऱ्यातील मेमरी कार्ड संगणकाला जोडले आणि पडद्यावर ‘हे कार्ड वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावे लागेल, करायचे का?’ असा प्रश्न उमटला, तर छायाचित्रकाराच्या काळजाचा ठोका चुकणे स्वाभाविक आहे. या प्रश्नाला ‘नाही’ म्हणावे, कार्ड काढून घ्यावे आणि त्यावर एकही नवे छायाचित्र घेऊ नये. त्या घटकेला करण्यासारखे एवढेच असते.

३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर बहुधा ‘फॅट-३२’ ही फाइल व्यवस्था असते. तीत कार्डाची जागा समान आकाराच्या कप्प्यांत विभागलेली असते. कप्पा ३२ केबीचा धरला, तर ३२ जीबीच्या कार्डावर असे सुमारे दहा लाख कप्पे होतात आणि पाच एमबीचे एक छायाचित्र त्यांपैकी १६० कप्पे व्यापते. छायाचित्राचे नाव, आकार आणि पहिला कप्पा यांची नोंद फोल्डरमध्ये असते. त्यापुढचे कप्पे कोणते, ही साखळी एका तक्त्यात लिहिलेली असते. हा तक्ता जेमतेम चार एमबीचा, म्हणजे कार्डाच्या आठ हजारांश भागाएवढा. लिहिणे चालू असताना कार्ड उपसले किंवा बॅटरी संपली, की बहुतेकदा या नोंदीच अर्धवट राहतात. तलाठ्याच्या दप्तरातील पाने फाटली म्हणून शेत जागचे हलत नाही, तसाच हा प्रकार.

झटपट फॉरमॅट केल्यावरही बव्हंशी नोंदीच कोऱ्या होतात, छायाचित्रे जागेवरच असतात. मात्र त्यांची जागा ‘मोकळी’ ठरते आणि पुढचे छायाचित्र त्यांच्यावर लिहिले जाऊ शकते. एकदा वर लिहिले गेले, की मूळचे परत येत नाही. काही कॅमेरे संपूर्ण कार्ड खरोखर पुसण्याचीही सोय देतात. तिथे आशा फारशी उरत नाही.

पहिले काम म्हणजे कार्डाच्या आरंभापासून अंतापर्यंत प्रत्येक बाइटची हुबेहूब प्रत संगणकावर घेणे. कार्डावरील फाइली नेहमीसारख्या कॉपी करून हे साधत नाही, कारण फाइल व्यवस्थाच वाचता येत नसते. पुढचे सारे प्रयोग या प्रतीवर करावेत. चूक झाली तरी मूळ कार्ड शाबूत राहते. अनेकजण घाईने विंडोजची ‘चेकडिस्क’ आज्ञा थेट कार्डावर चालवतात. ती नोंदींतील विसंगती मिटवते खरी, पण तिला छायाचित्रांचे सोयरसुतक नसते. हरवलेल्या साखळ्या कापून ती ‘सीएचके’ नावाच्या निनावी फाइलींत टाकून देते.

प्रतीवर दोन वाटा असतात. फॅट-३२ मध्ये तक्त्याची सहसा दुसरी प्रत असते, आरंभीच्या माहितीचीही एक राखीव प्रत असते. ‘टेस्टडिस्क’सारखा मोफत प्रोग्राम त्यांच्या आधारे व्यवस्था पुन्हा उभी करण्याचा प्रयत्न करतो. हे जमले तर नावे आणि फोल्डरही परत मिळतात. न जमल्यास त्याचाच सोबती ‘फोटोरेक’ नोंदींकडे बघतच नाही. प्रत्येक जेपेग फाइलचा आरंभ ठरावीक बाइटनी होतो. ती खूण शोधत तो कप्प्यामागून कप्पे तपासतो आणि सापडलेले उचलून वेगळे ठेवतो. यात मूळ नावे जातात. तरी छायाचित्र घेतल्याची तारीख आणि वेळ जेपेगच्या पोटातच असल्याने मिरवणुकीचा क्रम पुन्हा लावता येतो. मिळालेल्या फाइली त्याच कार्डावर मात्र कदापि साठवू नयेत.

या पद्धतीची मर्यादा तुकड्यांत आहे. अधूनमधून छायाचित्रे पुसत चित्रण केले असेल, तर नवी फाइल विखुरलेल्या कप्प्यांत बसते आणि परत मिळालेल्या छायाचित्राचा खालचा भाग करडा दिसतो. चलच्चित्रणाचे हाल अधिक, कारण फाइल मोठी असते आणि तिची अनुक्रमणिका बहुधा चित्रण थांबल्यावर लिहिली जाते. बॅटरी मध्येच संपली, तर ती लिहिलीच जात नाही. ३२ जीबीहून मोठ्या कार्डांवरील ‘एक्सफॅट’मध्ये तर तक्त्याची सहसा एकच प्रत असते.

संगणकाला कार्डाची चाहूलच लागत नसेल किंवा त्याची क्षमता शून्य दिसत असेल, तर दुखणे नोंदींचे नसून कार्डातील नियंत्रक चिपचे असण्याची शक्यता मोठी. तिथे कोणताही प्रोग्राम चालत नाही. मायक्रोएसडीत सर्व भाग एकाच अखंड तुकड्यात बसवलेले असल्याने हे काम खास प्रयोगशाळेचे ठरते, आणि त्याचा खर्च कार्डाच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. कार्ड पुनःपुन्हा जोडून पाहण्याने त्यात भर पडते ती बिघाडाचीच.