तिरंगी न्याहारी : रंग भाजीचा, आच बेताची

मागच्या काही भागांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच विचारलं: २६ जानेवारीला मुलांसाठी तिरंगी पॅनकेक एअर फ्रायरमध्ये करता येतील का? आणि रंग कोणता घालायचा?

करता येतात. पण आधी रंगाचं बोलू, कारण धोका तिथेच आहे.

बाजारात सुटी पूड मिळते, खाण्याचा रंग म्हणून. तिच्यात काय आहे हे पुडीवर लिहिलेलं नसतं. २०२४च्या फेब्रुवारीत तमिळनाडूने कॉटन कँडीची, म्हणजे आपल्या 'म्हातारीच्या केसां'ची विक्री बंद केली, कारण नमुन्यांत रोडामाइन-बी सापडलं. हा कापड रंगवायचा रंग. पुढच्याच महिन्यात कर्नाटकाने कॉटन कँडीत त्यावर आणि गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंगांवर बंदी घातली. कायद्याने परवानगी असलेले कृत्रिम रंगही आहेत, मोजके आठ, आणि त्यांनाही प्रमाणाची मर्यादा आहे. चमच्याच्या टोकाने अंदाजे घालणाऱ्याला ती मर्यादा पाळता येत नाही. म्हणून माझ्या स्वयंपाकघरात ती पुडी येत नाही. जानेवारीत गाजर आणि पालक दोन्ही भरपूर असतात, मग हवीच कशाला?

आता लोकांची तक्रार अशी, की भाजीचा रंग कच्च्या पिठात सुंदर दिसतो आणि भाजल्यावर मातकट होतो. त्याची कारणं दोन: आच आणि आंबटपणा.

आधी आच. तवा पिठाला थेट चटका देतो आणि पृष्ठभाग तपकिरी होतो. एरवी आपल्याला तेच हवं असतं, खरपूसपणाची चव त्यातच आहे. पण तिरंग्यात तिन्ही रंग त्या तपकिरीखाली झाकले जातात. एअर फ्रायर म्हणजे वर तापणारं कॉइल आणि त्यामागे पंखा, एवढंच. नावात तळणं आहे, काम भट्टीचं. १६० अंशांवर ठेवला तर पीठ शिजतं आणि रंग फारसा काळवंडत नाही. २०० वर ठेवाल तर तव्यापेक्षा वेगळं काही हाती येणार नाही. साखर आणि दूधही तपकिरी रंगाला मदत करतात, म्हणून साखर बेताची आणि दुधात निम्मं पाणी. गूळ नकोच.

आता आंबटपणा. पालकाच्या हिरव्या रंगाला आंबट सोसत नाही. दही किंवा ताक पडलं आणि उष्णता लागली की तो शेवाळी होतो. म्हणून हिरव्या वाटीत दही नाही. पालक उकळत्या पाण्यात मिनिटभर, लगेच गार पाण्यात, मग घट्ट पिळून वाटायचा. गाजराचा रंग मात्र खमका आहे, आंबटाने बिघडत नाही. तो तुपात उतरतो, म्हणून किसलेलं गाजर चमचाभर तुपात मऊ होईपर्यंत परतून वाटावं. दिल्ली-लखनौकडच्यांनी लक्षात ठेवा, तुमचं लाल गाजर गुलाबीकडे झुकतं. बंगळूर-चेन्नईकडचं नारिंगी गाजर केशरीला जास्त जवळ. लाल असेल तर चिमूटभर हळद टाका, काम होतं.

पण हळद असेल तिथे खायचा सोडा नको. हळद अल्कलीत लाल होते. आपल्या घरांत हे जुनंच ज्ञान आहे, हळदीला चुना लावूनच पारंपरिक कुंकू होतं. फुलण्यासाठी बेकिंग पावडर वापरा; तिच्यात सोड्याबरोबर आम्लही असतं, त्यामुळे रंग जागचा हलत नाही.

कृती सोपी. तीन भांडी घ्या. प्रत्येकात ६० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा बेकिंग पावडर, चमचाभर साखर, चिमूटभर मीठ, चमचाभर पातळ तूप. पांढऱ्यात मैद्याचा पाव हिस्सा काढून तांदळाची पिठी घाला, आणि अंडं घालू नका, पिवळट होतं. केशरीत दोन मोठे चमचे गाजराचा गोळा, हिरव्यात तेवढाच पालकाचा. मग दूध-पाणी लागेल तसं, इडलीच्या पिठाइतकं घट्ट ठेवून. तिन्ही वेगळीच आहेत तर चवही वेगळी करा: केशरीत वेलची, पांढऱ्यात ओलं खोबरं, हिरव्यात साखरेऐवजी जिरं-मिरची. पालक गोड खायला मुलं तोंड वाकडं करतात, आणि मला त्यात त्यांची काही चूक वाटत नाही.

जाळीच्या टोपलीत पीठ थेट ओतायचं नाही, खाली गळेल. सपाट बुडाच्या छोट्या स्टीलच्या ताटल्यांना तूप लावून त्या आतच ५ मिनिटं तापवा, म्हणजे बूड कच्चं राहणार नाही. पीठ बोटाच्या अर्ध्या पेरापेक्षा जाड नको. वर जड स्टीलची झाकणी ठेवा, नाहीतर पंख्याचा वारा पातळ पीठ एका बाजूला ढकलतो. ५ मिनिटं झाकून, २-३ मिनिटं उघडं, मग उलटून आणखी २. पहिला घाणा थोडा कमी-जास्त होईल, प्रत्येक यंत्राचा स्वभाव वेगळा. रिकामा बटर पेपर आत ठेवून यंत्र तापवू नका. तो उडून कॉइलला चिकटतो आणि पेटू शकतो. आणि १५०० वॅटचं यंत्र साडेसहा अँपिअर ओढतं, तेव्हा प्लग १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच लावा. जुन्या क्वार्टर्समध्ये राहणाऱ्यांना हे आवर्जून सांगतो.

दोघांसाठी करायचं असेल तर हा खटाटोप करू नका, तवा बरा. सहा-सात माणसं असली की फायदा कळतो. वेळ फार वाचत नाही, पण उलथनं धरून कुणाला उभं राहावं लागत नाही. सोसायटीचं झेंडावंदन आटोपून या, कर्तव्यपथावरचं संचलन अलीकडे साडेदहाला सुरू होतं, तोवर घाणे आपोआप निघत राहतात आणि घरातली बाईही सगळ्यांबरोबर बसून खाते.

निळ्या चक्राचं काय, असंही काही जण विचारतात. कोइंबतूरला २०१३च्या नाताळात तिरंगी, चक्र असलेला केक कापल्याची तक्रार झाली होती. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तो राष्ट्रध्वजाचा अपमान ठरत नाही असा निर्णय दिला. कायदा मोकळा आहे. तरी मी चक्र काढत नाही. तीन रंगांचे तीन पॅनकेक ताटात शेजारी ठेवतो, एकावर एक रचून ध्वज करत नाही. ज्या ध्वजाला इतकी वर्षं सलामी दिली, त्याला चमचा लावायला हात धजत नाही. तुमच्या घरी तुम्ही ठरवा.

होळीला गुलाबी हवा असेल तर बीट भाजू नका, उष्णतेने त्याचा रंग उडतो. बिटाचा रस लिंबाच्या दोन थेंबांसह घट्ट दह्यात कालवा आणि पॅनकेक निवल्यावर वरून घाला.