एकवीस काळांची जुडी

इटालियन शिकायला बसलेल्या माणसाच्या हाती दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच एक तक्ता पडतो. तक्ता कसला, रेल्वेचे वेळापत्रकच म्हणाना! 'आमारे', म्हणजे प्रेम करणे, हे एकच क्रियापद घेतलेले असते आणि त्याची रूपे पानभर पसरलेली असतात. आमो, आमी, आमा, आमिआमो, आमाते, आमानो. हा झाला नुसता साधा वर्तमानकाळ. असे काळ आहेत तरी किती, म्हणून मोजू लागावे तर बरोबर एकवीस भरतात. गणपतीला वाहायच्या दूर्वांची जुडीही एकविसांचीच; पण दूर्वा अंगणातून उपटून आणता येतात, हे काळ घोकावे लागतात.

ही घोकंपट्टी मी २००३ सालच्या उन्हाळ्यात पेरूजा येथे तीन महिने केली. मध्य इटलीतले हे गाव डोंगरावर वसले आहे आणि परदेशी लोकांना इटालियन शिकवण्याबद्दल ते प्रसिद्ध आहे. लहानपणी 'रामः रामौ रामाः' चालवलेले असल्यामुळे घोकण्याची मला भीती नव्हती. भीती होती ती बोलण्याची. तक्ता पाठ असतो, पण तोंड उघडले की एकवीस काळ एकदम दाराशी गर्दी करतात आणि एकही बाहेर पडत नाही!

पंधरा दिवसांनी मात्र एक गंमत ध्यानात आली. इंग्रजीच्या वाटेने गेले तर अडखळायला होते. मराठीच्या वाटेने गेले तर निम्मे घर ओळखीचे निघते.

शाळेत व्याकरणाच्या तासाला 'अर्थ' शिकवत, ते आठवते ना? स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. क्रियापदाच्या रूपावरून काळ कळतो, तसा बोलणाऱ्याच्या मनातला भावही कळतो. त्या भावाला आपण अर्थ म्हणतो. पुरुषाप्रमाणे चालणारे इटालियन अर्थही नेमके चारच: इंदिकातीवो, इंपेरातीवो, कोंजुन्तीवो आणि कोंदित्सिओनाले. पहिल्याचे आठ काळ, दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचे चार, चौथ्याचे दोन. आणि सहा आपल्या धातुसाधितांसारख्या रूपांचे. झाली जुडी पुरी.

यांतला कोंजुन्तीवो हा परदेशी विद्यार्थ्यांचा बागुलबुवा. 'तो घरी आहे हे मला ठाऊक आहे', येथे 'आहे'ला 'ए' म्हणायचे. पण 'तो घरी असावा असे मला वाटते' म्हटले, की 'ए' चालत नाही. तेथे 'सीआ' पाहिजे. ठाऊक असेल तर एक रूप, नुसते वाटत असेल तर दुसरे. 'तू येतोस'मधले क्रियापद 'विएनी', आणि 'तू यावंस अशी माझी इच्छा आहे' यातले 'वेंगा'. आमच्या वर्गातली पोलिश, जपानी मंडळी यावर डोके धरून बसत. मी मनातल्या मनात 'आहे, असावा. येतोस, यावंस' असे म्हणून बघे आणि दहांतल्या आठ वेळा गाडी योग्य फलाटाला लागे.

याहून मौजेची गोष्ट म्हणजे अदब. मित्राला 'ये' म्हणायचे तर 'विएनी'. पण वडीलधाऱ्यांना किंवा अनोळखी माणसाला आज्ञार्थ लावायचा नाही. त्यांना 'वेंगा, सी अक्कोमोदी' म्हणायचे. म्हणजे हुबेहूब आपले 'यावे, बसावे'! मोठ्या माणसाला हुकूम सोडता येत नाही, त्याच्यापाशी इच्छा तेवढी व्यक्त करता येते, हे दोन्ही भाषांनी आपापल्या घरी बसून ठरवलेले दिसते.

पण येथे एक खोडी आहे. 'आरे'ने संपणाऱ्या धातूंचा साधा वर्तमान 'आ'कारान्त, तर विध्यर्थ 'ई'कारान्त: पार्ला म्हणजे बोलतो, पार्ली म्हणजे बोलावे. बाकीच्या धातूंचे उलट: क्रेदे म्हणजे मानतो, क्रेदा म्हणजे मानावे. या अदलाबदलीत खुद्द इटालियन माणसेही घसरतात आणि घसरली की त्यांचे हसे होते. १९७५ साली आलेल्या 'फांतोत्सी' या चित्रपटात दोन गरीब कारकून पहाटेच्या धुक्यात टेनिस खेळायला जातात. 'चेंडू आपण मारावा' असे आदराने म्हणताना एकजण 'बात्ता'ऐवजी 'बात्ती' म्हणतो. दुसऱ्याला वाटते, हा एकाएकी अरेतुरेवर कसा आला? खुलासा झाल्यावर तो समाधानाने मान डोलावतो: असे होय, कोंजुन्तीवो आहे तर! आपल्याकडे कोणी 'आपण बस' म्हणावे, त्यातलाच हा प्रकार. इटलीत त्या प्रसंगाला अजून हसतात. पण हसताना पोटात थोडी धाकधूकही असते, कारण कोंजुन्तीवो चुकणे म्हणजे शिक्षण कमी पडल्याचा दाखला. 'कोंजुन्तीवो मेला' अशी ओरड तेथे वरचेवर होते, आणि बोलताना 'सीआ'च्या जागी 'ए' सर्रास ऐकू येतो. म्हणजे 'वाटते' आणि 'ठाऊक आहे' यांच्यामधली भिंत तेवढी खचते. मला ती खचलेली आवडत नाही. पण पाहुण्याने घरमालकाची भिंत कशी असावी ते सांगू नये.

कोंदित्सिओनालेचे एकच सांगतो. चोर फ्रान्सला पळाल्याची खात्री असेल तर वर्तमानपत्र 'ए फुज्जीतो' असे लिहिते. नुसते कानावर आले असेल तर 'सारेब्बे फुज्जीतो'. आपल्या बातमीदाराला 'असे समजते' म्हणून वेगळे शेपूट जोडावे लागते. त्यांचा बातमीदार एका क्रियापदात अंग काढून घेतो!

भूतकाळात तर मराठी माणसाला घबाडच सापडते. पुरुष 'सोनो आंदातो' म्हणतो, बाई 'सोनो आंदाता' म्हणते: मी गेलो, मी गेले. आणि 'चिठ्ठी ना? ती मी लिहिली' हे 'लो स्क्रित्ता'; चिठ्ठीऐवजी पुस्तक असेल तर 'लो स्क्रित्तो', कारण त्यांच्याकडे पुस्तक पुल्लिंगी. कर्म सर्वनामाच्या रूपाने आधी आले, की क्रियापद कर्त्याला सोडून कर्मामागे जाते. आपले कर्तरी आणि कर्मणी प्रयोगच की हे! अर्थात हे बोट फार घट्ट धरू नये. झोपणे, हसणे, चालणे या क्रियापदांच्या बाबतीत ते सरळ खड्ड्यात नेते, हा स्वानुभव आहे.

आणखी एक सोयरा भेटला. पूर्वी वारंवार घडत असे ते सांगण्यासाठी इटालियनमध्ये इंपेर्फेत्तो नावाचा काळ आहे. आपल्याकडचा रीतिभूतकाळ: आजी पहाटे उठे, सडा घाली, ओव्या म्हणे. मराठी बोलण्यातून तो जवळजवळ गेला. 'उठायची, घालायची' यांनी त्याची जागा घेतली आणि तो गोष्टींच्या पुस्तकांपुरता उरला. इटालियन इंपेर्फेत्तो मात्र बाजारात, स्वयंपाकघरात ठणठणीत आहे. पूर्वी त्याचे 'आमावा' हे एकच रूप 'मी'लाही आणि 'तो'लाही चाले. 'मी'साठी फ्लॉरेन्सच्या बोलण्यातले 'आमावो' मान्झोनीने आपल्या 'ई प्रोमेस्सी स्पोसी' या कादंबरीच्या १८४० ते १८४२ मधल्या सुधारित आवृत्तीत घेतले. आज सारी इटली 'आमावो' म्हणते.

आता राहिला पासातो रेमोतो, म्हणजे दूरचा भूतकाळ. त्याचा जोडीदार पासातो प्रोस्सिमो, जवळचा भूतकाळ. जवळ कोणते आणि दूर कोणते? पाणिनीने आजचे आणि आजच्या आधीचे असा भेद केला होता, तेव्हा हेही तसेच असणार अशी मी समजूत करून घेतली. पण इटालियन भेद घड्याळावर चालत नाही. उत्तरेकडचे लोक चाळीस वर्षांपूर्वीची गोष्टही जवळच्या भूतकाळात सांगतात. सिसिलीत सकाळी घडलेलेसुद्धा दूरच्या काळात जाते. मधल्या प्रांतांत दोन्ही चालतात. तेथे प्रश्न असा, की ती गोष्ट बोलणाऱ्याच्या लेखी संपली आहे की नाही. इतिहास आणि घरांवरच्या दगडी पाट्या दूरच्या काळात बोलतात: नाक्क्वे, विस्से, मोरी, जन्मला, जगला, मेला. पेरूजाच्या उत्तरेला तिबेर नदीच्या वरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे लढताना पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हे 'पडले' इटालियनमध्ये 'काद्दे' होते. धातूही आपल्यासारखाच, पडण्याचा. पोरगा आत्ताच झोपाळ्यावरून पडला असेल तर मात्र 'ए कादूतो'.

हे सारे मला पाठ होते. माझी घरमालकीण सत्तरी ओलांडलेली बाई होती. भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फोटो होता, खाली १९८१ साल. एके संध्याकाळी नवे शिकलेले रूप वापरून पाहण्याच्या हौसेने मी विचारले, "आपले यजमान १९८१ साली वारले ना?" आणि पुस्तकाप्रमाणे 'मोरी' म्हणालो. बावीस वर्षे झाली होती, सालही दिलेले. व्याकरणात खोट नव्हती.

बाई शेंगा सोलत होत्या. त्यांचा हात थांबला. "ए मोर्तो," त्या म्हणाल्या.

मला वाटले, माझा उच्चार चुकला. मी पुन्हा 'मोरी' म्हणालो, या खेपेस शेवटच्या अक्षरावर नीट जोर देऊन.

"गारिबाल्दी मोरी," बाई शांतपणे म्हणाल्या. "माझा नवरा, ए मोर्तो."

माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. माफी मागायची तर तिचाही आदरार्थी विध्यर्थ लागतो, आणि नेमका तो आठवेना. बाईंनीच शेंगांची परात माझ्याकडे सरकवली. मग त्या त्याच्याविषयी बोलू लागल्या. तो पहाटे उठे, कॉफी करी, एक पेला हिच्या उशाशी ठेवी. थंडीत हिचे जोडे चुलीजवळ नेऊन ठेवी. गाणे मुळीच येत नसे, तरी दाढी करताना गाई. अर्धा तास त्या बोलल्या, सगळे इंपेर्फेत्तोमध्ये, आणि मला एकदाही तक्ता आठवावा लागला नाही. परात रिकामी झाली तेव्हा त्यांनी विचारले, उद्या सकाळी कॉफी किती वाजता हवी.