झेल्फकान्ट : जागच्या जागी देश बदललेला मुलूख

जर्मनीच्या नकाशावर बोट पश्चिमेकडे सरकवीत नेले म्हणजे शेवटी हॉलंडच्या लिंबर्ग प्रांतात शिरलेले एक लहानसे टोक लागते. या टोकाला झेल्फकान्ट म्हणतात. त्यातील ईझेनब्रुख हे खेडे जर्मनीतील सर्वांत पश्चिमेकडचे गाव होय. येथे हॉलंडचा मुलूख इतका निमुळता आहे, की एका बाजूला जर्मनी व दुसऱ्या बाजूला बेल्जियम यांच्यामध्ये त्याची रुंदी जेमतेम पाच किलोमीटर भरते. झेल्फकान्ट हा हाइन्सबर्ग जिल्ह्याचा भाग आहे. मात्र १९४९ पासून १९६३ पर्यंत तो जर्मनीच्या ताब्यात नव्हता. गावे, शेते, घरे आणि माणसे जागच्या जागी राहिली. त्यांच्या डोक्यावरचे राज्य मात्र दोनदा बदलले. हे कसे घडले आणि कसे निस्तरले, हे समजून घेण्याजोगे आहे.

हाइन्सबर्ग जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ६२८ चौरस किलोमीटर व लोकसंख्या अडीच लाखांच्या वर आहे. मुलूख सखल आहे. आयफेलच्या डोंगरातून निघालेली रूर नदी जिल्ह्यातून वाहत जाऊन हॉलंडमध्ये रूरमॉन्ट शहरापाशी मास नदीला मिळते. पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध असलेली रूर ती ही नव्हे. ती ऱ्हाइनला मिळणारी दुसरी नदी. नावाच्या सारखेपणाने दोहोंची गल्लत होते. वुर्म नदी याच जिल्ह्यात रूरला मिळते. पूर्वेकडे एर्केलेन्त्सच्या परिसरात वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक, पिवळसर मातीचा जाड थर असून तेथे गहू आणि साखरबीट उत्तम पिकतात. झेल्फकान्ट हे नाव झाफेल या ओढ्यावरून पडले आहे. ‘झाफेलकाठचा मुलूख’ असाच त्याचा अर्थ.

सीमेची खरी कहाणी समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. मध्ययुगापासून हा प्रदेश युलिशच्या डची संस्थानात मोडत असे. आज हॉलंडमध्ये असलेले सिटार्ट शहरही त्याच संस्थानाचे होते; झेल्फकान्टच्या शेतकऱ्याला बाजारासाठी सिटार्टला जाणे म्हणजे परदेशी जाणे नव्हते. १७९४ साली फ्रेंच फौजा आल्या व जुनी संस्थाने मोडली. नेपोलियनच्या पाडावानंतर १८१५ साली व्हिएन्नाच्या परिषदेत युरोपची नवी वाटणी झाली आणि १८१६ साली प्रशिया व नेदरलँड्स यांनी आखन येथे करार करून येथील सीमा आखली. सिटार्ट तिकडे गेले, झेल्फकान्ट इकडे राहिला. दोन्हीकडच्या खेड्यांतील बोली जवळजवळ एकच होती व धर्मही एकच, कॅथलिक. सीमा आखली गेली ती राज्यांच्या सोयीने. पुढील सव्वाशे वर्षांत शाळा, सैन्य आणि कचेऱ्या यांनी आपापले काम केले, आणि सीमेच्या अलीकडचे लोक जर्मन व पलीकडचे डच झाले.

मग दुसरे महायुद्ध आले. मे १९४० मध्ये जर्मनीने हॉलंड व्यापले आणि पाच वर्षे तेथील जनतेचे अतोनात हाल केले. १९४४-४५ च्या हिवाळ्यात पश्चिम हॉलंडमध्ये उपासमारीने हजारो माणसे मेली. त्याच हिवाळ्यात युद्ध हाइन्सबर्गच्या दारात येऊन ठेपले. १६ नोव्हेंबर १९४४ रोजी ब्रिटिश विमानांनी हाइन्सबर्ग शहरावर बाँबवर्षाव केला आणि जानेवारी १९४५ मध्ये ब्रिटिश फौजांनी कडाक्याच्या थंडीत हा टापू गावागावाने जिंकून घेतला.

युद्ध संपल्यावर हॉलंडमध्ये नुकसानभरपाईची मागणी उठली. जर्मनीजवळ पैसा नव्हता, म्हणून जमीन घ्यावी असे काहींचे म्हणणे पडले. कोलोन, आखन, म्युन्स्टर यांसारखी शहरे गिळणाऱ्या योजनाही कागदावर उतरल्या. पूर्वेकडून हाकलून दिलेल्या लक्षावधी निर्वासितांनी पश्चिम जर्मनी आधीच ओथंबली होती. तिचे आणखी लचके तोडण्यास दोस्त राष्ट्रे तयार झाली नाहीत. अखेर ‘सीमादुरुस्ती’ या सौम्य नावाखाली सुमारे ६९ चौरस किलोमीटर प्रदेश व तेथील सुमारे दहा हजार लोक हॉलंडच्या स्वाधीन करण्याचे ठरले. यातील सर्वांत मोठा तुकडा झेल्फकान्टचा. दुसरा मोठा तुकडा उत्तरेस ऱ्हाइनजवळील एल्टेनचा. २३ एप्रिल १९४९ रोजी डच अधिकाऱ्यांनी ताबा घेतला. लोकांचे मत कोणी घेतले नाही.

येथून पुढची चौदा वर्षे मोठी चमत्कारिक होती. ट्युडर्न हे कारभाराचे ठाणे झाले व ‘लान्डड्रॉस्ट’ या पदनामाचा एक डच अधिकारी प्रमुख म्हणून नेमला गेला. रहिवाशांचे जर्मन नागरिकत्व काढून घेतले गेले नाही. त्यांच्या ओळखपत्रावर मात्र, या व्यक्तीस डच नागरिकाप्रमाणे वागविले जाते, अशा अर्थाची नोंद असे. म्हणजे ना पूर्ण जर्मन, ना पूर्ण डच. कालपर्यंत ज्या हाइन्सबर्गला बाजाराला किंवा कचेरीत जावयाचे, तेथे जाताना आता जकातनाके आडवे येई. तरीही हा कारभार सूडाचा होता असे म्हणता येत नाही. डच सरकारने रस्त्यांवर बराच पैसा खर्च केला. रूरमॉन्टहून हीरलेनला जाण्यासाठी झेल्फकान्टमधून एक सरळ रस्ताही त्यांनी काढला.

दरम्यान युरोपची हवा पालटली. दोन्ही देश एकाच संरक्षण संघटनेत आणि १९५८ पासून एकाच आर्थिक समुदायात बसू लागले. मित्राची दहा-बारा खेडी अडकवून ठेवण्यात अर्थ उरला नाही. ८ एप्रिल १९६० रोजी हेग येथे करार झाला. हॉलंडने बहुतेक सर्व प्रदेश परत करावा आणि युद्धातून उद्भवलेल्या मागण्या मिटविण्यासाठी पश्चिम जर्मनीने २८ कोटी मार्क द्यावेत, असे ठरले. १ ऑगस्ट १९६३ रोजी हस्तांतर पार पडले. आदल्या रात्री एल्टेनमध्ये लोणी व इतर मालाने खच्चून भरलेल्या मालमोटारी रस्तोरस्ती उभ्या होत्या. मध्यरात्री सीमा त्यांच्यावरून सरकली व एकही चाक न फिरता, जकात न भरता तो माल जर्मनीत दाखल झाला. ‘लोण्याची रात्र’ म्हणून ती अजूनही ओळखली जाते.

जे मूल १९४५ साली ट्युडर्नला जन्मले, ते चौथ्या वर्षी डच अमलाखाली गेले आणि अठराव्या वर्षी जर्मनीत परतले. तेवढ्या काळात त्याने घर मात्र एकदाही बदलले नव्हते. परतताना कोणी आनंदले, तर कोणी हळहळले. मत मात्र याही वेळी कोणी विचारले नाही.

परत आलेली खेडी जिल्ह्याच्या व्यवस्थेत पुन्हा बसविणे हे मोठेच काम होते. जर्मनीत जिल्ह्याला ‘क्राइस’ म्हणतात. त्याचे रूप दुहेरी असते. तो एकीकडे राज्य सरकारचा खालचा हात असतो. दुसरीकडे गावांनी मिळून चालविलेली स्वराज्य संस्था असतो. आरोग्यखाते, वाहननोंदणी, रुग्णवाहिका, जिल्ह्याचे रस्ते, व्यवसायशाळा ही कामे त्याच्याकडे असतात, आणि खर्चाचा मोठा वाटा गावांच्या वर्गणीतून येतो. प्रशियाच्या काळी जिल्ह्याचा प्रमुख ‘लान्ड्राट’ राजा नेमीत असे. युद्धानंतर ब्रिटिशांनी मानाचे अध्यक्षपद आणि प्रत्यक्ष कारभार वेगळे केले. १९९९ पासून ही दोन्ही पदे पुन्हा एकत्र आली असून लान्ड्राटची निवड आता मतदार थेट करतात. १९६९ साली झेल्फकान्टमधील लहान गावांची मिळून एक ग्रामपालिका झाली. १ जानेवारी १९७२ रोजी शेजारचा एर्केलेन्त्स जिल्हा जोडून आजचा हाइन्सबर्ग जिल्हा अस्तित्वात आला. त्यात सात शहरे व तीन ग्रामपालिका आहेत.

या हकिकतीचा शेवटचा अंक त्या रस्त्यावर झाला. प्रदेश परत गेला तरी तो रस्ता डच ताब्यातच राहिला होता. जर्मन भूमीवरून जाणारा, पण जर्मन रस्त्यांना कोठेही न मिळणारा. शेतकऱ्याला आपल्याच शिवारातून जाणाऱ्या रस्त्यावर चढता येत नसे. २५ फेब्रुवारी २००२ रोजी तो जर्मनीकडे आला व भोवतालच्या गावांना जोडला गेला. त्यापूर्वीच, मार्च १९९५ मध्ये, सीमेवरील नेहमीची तपासणी बंद झाली होती. सिटार्टचा बाजार पुन्हा जवळ आला. सप्टेंबर २०२४ मध्ये जर्मनीने पश्चिम सीमेवर पुन्हा तपासणी सुरू केली, तेव्हा येथील लोकांना कळून चुकले, की सीमा पुसट झाली होती, पुसली गेली नव्हती.

झेल्फकान्टचा तंटा मोठा नव्हता. पण तो गोळी न झाडता, बोलाचालीने व देवघेवीने सुटला, हे त्याचे मोल आहे. उणीव राहिली ती एकच. १८१६, १९४९ आणि १९६३ या तिन्ही वेळी सीमा ठरविणारे दूरच्या राजधान्यांत बसले होते, आणि ज्यांच्या अंगणातून ती गेली, त्यांच्या वाट्याला निर्णय ऐकण्यापलीकडे काही आले नाही.