यादी एक, फाइली अनेक

डेनिस रिची यांनी बेल प्रयोगशाळेत 1972 च्या सुमारास घडविलेल्या ‘सी’ भाषेत मोठा प्रोग्रॅम अनेक फाइलींत विभागून लिहितात. कंपायलर प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे हाताळतो; त्या सांधण्याचे काम लिंकरचे. वारांच्या नावांची कायम यादी या सर्व फाइलींना लागते, असे समजा. ती सामाईक हेडरमध्येच लिहून टाकण्याचा मोह होतो. परंतु हेडर म्हणजे मागवावा तेथे जसाच्या तसा उतरणारा मजकूर. दहा फाइलींत यादी दहा वेळा जन्मास येते आणि लिंकर ती नाकारतो. ‘स्टॅटिक’ शब्द जोडला की तक्रार मिटते. पण प्रत्येक फाइलीची प्रत निराळीच राहते. हा उपाय आळशाचा.

यादी एकाच फाइलीत लिहावी. हेडरमध्ये ‘एक्स्टर्न’ शब्दाने तिची केवळ वर्दी द्यावी. वर्दीत सात हा आकडाही असावा, एरवी इतर फाइलींना यादीची लांबी ‘साइझऑफ’ने मोजता येत नाही. ‘कॉन्स्ट’ मात्र दोनदा हवा. यादीच्या कप्प्यांत नावे नसतात, नावांचे पत्ते असतात. पहिला ‘कॉन्स्ट’ अक्षरांचे रक्षण करतो, दुसरा पत्त्यांचे. दुसरा विसरला, तर सोमवारच्या कप्प्यात कोणतीही फाइल शनिवारचा पत्ता ठेवू शकते, आणि कंपायलर चकार शब्द काढीत नाही.