छातीतील नळी आणि वीस सेंटिमीटर पाणी

आपल्या रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया कक्षास भेट देणाऱ्या देणगीदारांचे लक्ष एका गोष्टीकडे हमखास जाते. रुग्णाच्या बरगड्यांमधून बाहेर आलेली करंगळीएवढ्या जाडीची पारदर्शक नळी, पलंगाखाली ठेवलेली बाटली अथवा प्लास्टिकची पेटी, आणि तिच्यात चाललेली बुडबुड. हे काय आहे, असे कोणी विचारले की फेरीच्या घाईत आम्ही 'छातीतले पाणी काढतो आहोत' असे सांगून पुढे जातो. हे उत्तर खोटे नाही. परंतु अपुरे निश्चित आहे. या साधनांसाठी दाबनियंत्रक व नव्या पद्धतीच्या पेट्या घेण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आला, तेव्हा एका विश्वस्तांनी विचारले, 'भिंतीतल्या वाहिनीतून हवे तेवढे सक्शन मिळते. मग त्याचा जोर कमी करण्यासाठी निराळा खर्च कशाला?' प्रश्न रास्त होता आणि सभेच्या वेळेत त्याचे नीट उत्तर देणे आम्हांस जमले नाही. ते येथे देण्याचा हा प्रयत्न आहे.

फुप्फुसाला स्वतः फुगण्याची शक्ती नाही. त्याचा नैसर्गिक कल ताणलेल्या रबराप्रमाणे आकसण्याकडे असतो. छातीच्या पिंजऱ्याचा कल मात्र बाहेर उसळण्याचा असतो. या दोघांच्या मध्ये दोन अतिशय पातळ पदर असतात व त्यांच्यामध्ये केवळ चमचा-दोन चमचे द्रव असतो. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या असता त्या सरकतात, पण सुट्या होत नाहीत. तसे हे दोन पदर परस्परांना धरून असतात. एक आत ओढतो, दुसरा बाहेर, त्यामुळे मधल्या फटीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा किंचित कमी राहतो. वैद्यकात यास ऋण दाब म्हणतात आणि तो सेंटिमीटर पाणी या मापाने मोजतात. शहाळ्यात नळी घालून ओढताना पाणी नळीत पाच सेंटिमीटर चढून थांबले, तर त्या क्षणी तोंडातला ऋण दाब पाच सेंटिमीटर पाणी इतका असतो. निरोगी मनुष्याच्या छातीत उच्छ्वासाच्या अखेरीस तो साधारण एवढाच, पाचच्या आसपास असतो व श्वास घेताना आठपर्यंत जातो. निसर्गाने एवढ्याशा ओढीवर आपला सारा श्वासोच्छ्वास चालविला आहे, हे पुढील सर्व विवेचनात लक्षात ठेवावे.

दुचाकीच्या अपघातात बरगडी मोडून तिचे टोक फुप्फुसात घुसले, क्षयाने पोखरलेला भाग फुटला, न्यूमोनियानंतर पू साठला अथवा रक्तस्राव झाला, की त्या फटीत हवा वा द्रव शिरतो. पदर सुटतात आणि फुप्फुस मिटते. अशा वेळी बरगड्यांमधून नळी घालून साठलेले बाहेर काढावे लागते. खरी अडचण यानंतरची आहे. नळीचे दुसरे टोक उघडे ठेवले, तर पुढच्याच श्वासाला बाहेरची हवा आत ओढली जाईल. म्हणून वाट एकेरी हवी. ही एकेरी वाट साध्या पाण्याने तयार होते. नळीचे टोक बाटलीतील पाण्यात सुमारे दोन सेंटिमीटर बुडवून ठेवले, की छातीतली हवा बुडबुडे होऊन बाहेर पडते, पण बाहेरची हवा आत जाऊ शकत नाही. आपल्या घरातील न्हाणीच्या जाळीखाली असलेल्या वळणात पाणी साचून राहते व गटाराची दुर्गंधी वर येऊ देत नाही, तीच ही युक्ती.

ही एकेरी वाट किती मोलाची आहे, हे वैद्यकास फार मोठी किंमत देऊन कळले. हॅम्बर्गचे गॉटहार्ड ब्यूलाऊ यांनी पाण्याखालील बंद निचऱ्याची आपली पद्धत १८९१ साली प्रसिद्ध केली होती. तरीही १९१७-१८ मध्ये अमेरिकेच्या लष्करी छावण्यांत न्यूमोनियानंतर छातीत पू झालेल्या शेकडो तरुण सैनिकांची छाती लवकरच उघडून पू काढण्याची रीत चालू होती. त्यांतील सुमारे तीस टक्के दगावत. या प्रश्नासाठी नेमलेल्या आयोगाचे काम करताना डॉ. एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी दाखवून दिले की आजाराच्या ऐन भरात छातीत बाहेरची हवा शिरू देणे हेच घातक आहे. पू दाट होईपर्यंत बंद पद्धतीने काढावा, हा नियम लागू झाल्यावर एका छावणीतील मृत्युप्रमाण पाच टक्क्यांच्याही खाली आले. त्या काळी प्रतिजैविके नव्हती, ही बाब ध्यानात घेतली म्हणजे या फरकाचे मोल कळते.

आता सक्शनकडे वळू. प्रत्येक नळीला सक्शन लागत नाही, हे प्रथमच सांगावयास हवे. बहुतांश रुग्णांत खोकला, दीर्घ श्वास व बाटली छातीपेक्षा खाली असणे एवढ्यावर काम भागते. हवेची गळती मोठी असेल अथवा फुप्फुस पूर्ण उलगडत नसेल, तरच बाहेरून ओढ द्यावी लागते व तीही साधारण दहा ते वीस सेंटिमीटर पाणी इतकीच. भिंतीतल्या वाहिनीच्या मापकावर पाऱ्याचे तीनशे मिलिमीटर दिसतात. त्यांचे पाण्यात रूपांतर केले तर चारशे सेंटिमीटर होतात. म्हणजे हव्या त्या ओढीच्या किमान वीसपट. घशातला कफ ओढून घेण्यास हा जोर उपयोगी आहे; पण तोच सरळ छातीच्या नळीस जोडला, तर नळीच्या छिद्रांत फुप्फुसाचा नाजूक भाग ओढला जातो, रक्त येते आणि जी गळती मिटावी ती उघडी राहते. अनेक दिवस मिटून राहिलेले फुप्फुस एकाएकी जोराने उलगडले, तर त्यातच पाणी भरण्याचा धोका असतो. म्हणून अशा रुग्णात आरंभी सक्शन लावतच नाहीत व साठलेले पाणीदेखील एका वेळी लिटर-दीड लिटरहून अधिक काढत नाहीत. ज्याचे एका बाजूचे संपूर्ण फुप्फुस काढले आहे त्या रुग्णास तर सक्शन वर्ज्यच आहे, कारण हृदयच जागचे सरकू शकते. उलट ओढ अपुरी पडली, तर फुप्फुस मिटलेलेच राहते, पू दाट होऊन त्याचे कवच बनते आणि शेवटी मोठी शस्त्रक्रिया करावी लागते.

या दोन्हींच्या मधला आकडा धरून ठेवण्यासाठी जुन्या शल्यविशारदांनी तीन बाटल्यांची रचना केली. पहिलीत स्राव जमतो, दुसरीत वर सांगितलेली पाण्याची झडप असते, तिसरीत नियंत्रण. तिसऱ्या बाटलीत एक उभी नळी वीस सेंटिमीटर पाण्यात बुडलेली असते व तिचे वरचे टोक हवेत उघडे असते. बाटलीतली हवा वाहिनीने ओढली की ऋण दाब वाढत जातो; तो वीसच्या पुढे जाऊ लागताच उघड्या नळीतून बाहेरची हवा आत येऊन बुडबुडे निघतात आणि दाब तेथेच थांबतो. आपल्या भगिनीवर्गाला हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. कुकरची शिट्टी हेच काम उलट्या दिशेने करते. शिट्टीचे वजन ठरलेले असते, आंच कितीही मोठी केली तरी आतला दाब वाढत नाही. शिट्ट्या मात्र अधिक होतात, गॅस व पाणी वाया जाते.

नेमके हेच न कळल्यामुळे गोंधळ होतात. तिसऱ्या बाटलीत बुडबुडे जोरात निघाले म्हणजे उपचार जोरात चालला आहे, अशी नातेवाइकांची समजूत असते, आणि खरे सांगावयाचे तर आमच्या कर्मचाऱ्यांचीही होती. वस्तुतः ओढ ठरते ती पाण्याच्या उंचीवर. मंद, अखंड बुडबुड पुरेशी आहे. जोराच्या बुडबुड्यांनी होते एवढेच की पाणी लवकर उडून जाते, पातळी वीसवरून पंधरावर उतरते आणि ओढही कोणाच्या नकळत तेवढीच उतरते. आवाजाने शेजारच्या रुग्णाची झोप जाते ती वेगळीच. दुसऱ्या बाटलीतील बुडबुड्यांचा अर्थ मात्र निराळा आहे. ते छातीतून येत असलेल्या हवेचे, म्हणजे गळतीचे असतात आणि ते कमी होत गेलेले आम्हांस हवे असतात.

काही वर्षांपूर्वी घडलेला एक प्रसंग येथे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो. अपघातात जखमी झालेला एक तरुण आमच्याकडे होता. गळती बरीच होती व काचेच्या तीन बाटल्या लावलेल्या होत्या. रात्री वाहिनीच्या दुरुस्तीसाठी सक्शन बंद करण्यात आले. भिंतीवरची चावी फिरविली गेली, पण नळी भिंतीला जोडलेलीच राहिली. वरकरणी यात काही वावगे दिसत नाही. तथापि त्यामुळे छातीतून येणाऱ्या हवेची बाहेर पडण्याची वाटच बुजली. अर्ध्या तासात रुग्णास धाप लागू लागली. रात्रपाळीच्या सिस्टरांच्या नजरेस एवढेच आले की तिसऱ्या बाटलीतील उघड्या नळीत पाणी वर चढून तोंडातून उसळते आहे. बाटलीत ओढ नसून कोंडलेला दाब आहे, हे त्यांनी ओळखले व डॉक्टरांची वाट न पाहता भिंतीकडची नळी उपसून मोकळी केली. फुसकन हवा सुटली आणि रुग्णाचा श्वास हळूहळू पूर्ववत झाला. तो तरुण पुढे बरा होऊन घरी गेला. चूक आमची होती. सक्शन बंद करणे आणि सक्शन काढणे यांतील भेद आम्ही कोणास शिकविलेलाच नव्हता. तेव्हापासून आमच्याकडे सक्शन थांबविणे म्हणजे नळी भिंतीपासून सोडविणे, असाच नियम आहे.

तीन बाटल्यांचे काम एकाच प्लास्टिकच्या पेटीत करण्याची सोय अमेरिकेत १९६७ साली झाली. पुढे निघालेल्या कोरड्या पद्धतीच्या पेट्यांत तिसऱ्या पाण्याऐवजी स्प्रिंगची झडप असते व तबकडी फिरवून आकडा ठरविता येतो. पाणी उडून जात नाही, आवाज होत नाही, आतला दाब कोंडल्यास तो सोडणारी झडपही असते. आम्ही घेतल्या त्या अशाच पेट्या, आणि त्यांच्या जोडीला वाहिनीचा जोर मुळातच कमी करणारे भिंतीवरचे नियंत्रक. याहून पुढची पायरी बॅटरीवर चालणाऱ्या डिजिटल यंत्रांची आहे. ही यंत्रे रुग्णाच्या बाजूचा दाब सतत मोजून ओढ कमी-अधिक करतात आणि गळती मिनिटाला किती मिलिलिटर हे आकड्यांत दाखवितात. काही अभ्यासांत त्यांमुळे नळी लवकर काढता आली, काहींत फरक आढळला नाही. यंत्र उत्तम आहे याविषयी आम्हांस शंका नाही; परंतु त्याच रकमेत कित्येक रुग्णांसाठी साध्या पेट्या येत असतील, तर आमच्यासारख्या संस्थेने आधी त्या घ्याव्यात असे आमचे मत झाले. सर्व विश्वस्तांना ते पटले असे नाही, हेही सांगितले पाहिजे.

अधिक सक्शन म्हणजे अधिक चांगले, हा समज शल्यचिकित्सकांतही दीर्घकाळ होता. फुप्फुसाचा भाग काढल्यानंतर दिवसेंदिवस वीस सेंटिमीटरवर ठेवण्याची प्रथा होती. २००१ व २००२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचण्यांत असे आढळले की प्रारंभीचा काळ सोडून रुग्णास केवळ पाण्याच्या झडपेवर ठेवले असता गळती अनेकदा लवकर थांबते. मोठी गळती असणारे रुग्ण याला अपवाद ठरू शकतात. म्हणून आमच्याकडे आता रोज सकाळच्या फेरीत 'सक्शन किती' याआधी 'सक्शन अजून हवे का' हा प्रश्न विचारला जातो.

रुग्णाजवळ बसणाऱ्या आप्तांसाठी चार शब्द. पेटी नेहमी रुग्णाच्या छातीच्या खाली असावी. रुग्णास एक्स-रेसाठी नेताना ती कौतुकाने मांडीवर वा पलंगावर घेऊ नये. आतले पाणी छातीकडे उलटे जाऊ शकते. नळीचा फास लोंबत राहून त्यात द्रव साचला, तर पेटीवर वीस आकडा असूनही छातीपर्यंत तेवढी ओढ पोहोचत नाही. असे दिसल्यास सांगावे. नळीस चिमटा लावण्यास आपणहून कोणास सांगू नये व लावलेला दिसल्यास विचारावे. गळती चालू असताना नळी बंद करणे हे त्या रात्रीच्या प्रसंगासारखेच आहे. सक्शन नसताना श्वासाबरोबर झडपेतील पाणी वर-खाली होते. ते एकाएकी थांबले, तर फुप्फुस पूर्ण उलगडले असेल किंवा नळी तुंबली असेल. दोहोंपैकी काय ते डॉक्टर पाहतील. पेटी कलंडल्यास ती उभी करून लगेच सिस्टरांना हाक मारावी. आता प्रत्येक पलंगाच्या पायथ्याशी एक पिवळे कार्ड अडकविलेले असते. त्यावर ठरलेला आकडा आणि 'सक्शन चालू' किंवा 'भिंतीपासून सोडविले' यांपैकी एक शब्दप्रयोग प्रत्येक पाळीच्या आरंभी लिहिला जातो. तो लिहिलेला नसेल, तर आपण अवश्य विचारावे.