अपूर्ण आवाजाचे सामर्थ्य : हात्सुने मिकू आणि तिचा चाहतावर्ग

प्रस्तावना

गायन हे देहाचे आणि श्वासाचे कार्य आहे, ही समजूत इतकी दृढ आहे की यंत्राच्या गायनाविषयीचे मत बहुधा ते ऐकण्यापूर्वीच बनलेले असते. १९६१ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत संगणकाकडून ‘डेझी बेल’ हे जुने गीत गाऊन घेण्यात आले, तेव्हा त्याकडे एक शास्त्रीय नवल म्हणून पाहिले गेले. त्यानंतर सुमारे साडेचार दशकांनी जपानमध्ये एका सॉफ्टवेअरच्या आवाजाला रसिक लाभले, त्याच्यासाठी गीते रचली गेली आणि त्याच्या नावाने सभागृहे भरू लागली. हा आवाज मानवी आवाजाइतका चांगला नसतानाही हे घडले, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. वस्तुतः तो तितका चांगला नव्हता म्हणूनच हे घडले, असे मानण्यास जागा आहे. या मताची तपासणी हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

आवाजाची घडण

यामाहा या वाद्यनिर्मात्या कंपनीने केनमोची हिदेकी यांच्या नेतृत्वाखाली आणि बार्सिलोना येथील पोंपेउ फाब्रा विद्यापीठाच्या सहकार्याने ‘व्होकलॉइड’ हे तंत्र विकसित केले. २००४ च्या आरंभी लिऑन आणि लोला हे त्यावर आधारलेले पहिले इंग्रजी आवाज ब्रिटनमधून विक्रीस आले. तंत्राची मूळ कल्पना साधी आहे. एखाद्या व्यक्तीकडून अर्थहीन अक्षरमालिका ठरावीक स्वरांत म्हणवून घेतात. एका ध्वनीतून दुसऱ्या ध्वनीत जातानाचे सूक्ष्म तुकडे त्यातून वेगळे काढून साठवतात. वापरकर्ता पडद्यावर स्वर मांडतो आणि त्याखाली शब्द लिहितो. सॉफ्टवेअर योग्य ते तुकडे निवडते, त्यांची पट्टी बदलते आणि सांधे गुळगुळीत करते. जपानी भाषेतील अक्षरे बहुतांशी स्वरान्त असल्यामुळे तीत असे तुकडे तुलनेने कमी लागतात. इंग्रजीसाठी त्यांची संख्या कितीतरी अधिक असते. जपानीत हे तंत्र लवकर स्थिरावले, त्यास ही भाषिक सोयही काही अंशी कारणीभूत असावी.

परंतु सांधलेले स्वर म्हणजे गाणे नव्हे. कंप कोठे द्यावा, श्वास कोठे ऐकू यावा, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जावे की थेट पोहोचावे, हे निर्णय सॉफ्टवेअर आपण होऊन समाधानकारकपणे घेत नसे. ते वापरकर्त्यालाच एकेका स्वराशी झटून घ्यावे लागत. या परिश्रमास जपानीत ‘चोसेई’ असे स्वतंत्र नाव आहे. एकच आवाज दोन रचनाकारांच्या हाती अगदी भिन्न भासतो आणि जाणता चाहता केवळ ऐकून रचनाकार ओळखू शकतो. तेव्हा ‘यंत्राच्या गाण्यात माणूस नाही’ हा आक्षेप तपशिलात टिकत नाही. माणूस तेथे आहे. तो फक्त कंठाच्या जागी नाही.

नकारातून लाभलेली गायिका

सापोरो येथील क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने ३१ ऑगस्ट २००७ रोजी हात्सुने मिकू बाजारात आणली. व्यावसायिक गायक आपला आवाज देण्यास नाखूश होते. आपल्या गळ्याची प्रतिकृती तयार होईल ही त्यांची भीती होती. त्यामुळे कंपनी संवाद-अभिनेत्यांकडे वळली आणि फुजिता साकी यांचा आवाज घेण्यात आला. चित्रकार केई यांनी त्या आवाजाला लांब निळसर-हिरव्या वेण्यांचे रूप दिले. वय १६ वर्षे, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ४२ किलो, अशी तिची मोजकीच अधिकृत माहिती. जीवनकथा नाही, स्वभाव नाही. नावाचा अर्थ ‘भविष्यातील पहिला स्वर’ असा लावला जातो.

ही रिकामी जागा निर्णायक ठरली. प्रकाशनानंतर काही दिवसांतच एका हौशी रचनाकाराच्या चित्रफितीत मिकू फिनलंडमधील एका लोकप्रिय पोल्का गीतावर हातातील कांद्याची पात हलवताना दिसली. गंमत म्हणून आलेली ती पात तिची कायमची खूण बनली आणि कंपनीनेही ती मान्य केली. त्याच वर्षी कंपनीने चाहत्यांना परस्परांची चित्रे व गीते श्रेयनिर्देशासह वापरता यावीत, असे ‘पिआप्रो’ हे व्यासपीठ उभारले. २०१२ मध्ये मिकूच्या चित्राला अव्यावसायिक वापरासाठी मुक्त परवानाही दिला. एकाने गीत रचावे, दुसऱ्याने चित्र काढावे, तिसऱ्याने ते नाचवावे, अशी साखळी यातून निर्माण झाली. ‘हाची’ या नावाने व्होकलॉइडसाठी रचना करणारे योनेझू केन्शी पुढे जपानचे आघाडीचे गायक-गीतकार झाले. रूढ अर्थाने येथे ‘चाहता’ हा शब्दच अपुरा पडतो.

‘हे तरुण एका चित्रावर भाळले आहेत’ ही टीका मात्र चाहत्यांच्या बुद्धीला फारच कमी लेखणारी आहे. ९ मार्च २०१० रोजी टोकियोत पारदर्शक पडद्यावर प्रक्षेपित झालेली मिकू आणि तिच्यासमवेत रंगमंचावर वाजवणारे जिवंत वादक, यांतील फरक प्रेक्षकांना ठाऊक होता. जपानी बुनराकू बाहुलीनाट्यातही बाहुली हलवणारे तिघे प्रेक्षकांसमोरच असतात, तरीही डोळे पाणावतात. भ्रम मोडतो तो वेगळ्या कारणाने. २०२४ च्या उत्तर अमेरिका दौऱ्यात पारदर्शक पडद्याऐवजी साधा एलईडी पडदा वापरल्याबद्दल अनेक चाहत्यांनी नाराजी व्यक्त केली. मिकू खोटी असल्याची ती तक्रार नव्हती. खोटेपणाही मन लावून केलेला असावा, अशी त्यामागील अपेक्षा होती.

परिपूर्णतेचा प्रश्न

अलीकडील संश्लेषक तुकडे जोडत नाहीत. माणसाच्या गायनाचे नमुने अभ्यासून कंप, श्वास आणि स्वरांची वळणे ते स्वतःच सुचवतात. चोसेईचे कष्ट त्यामुळे घटले. अनेकांना ते स्वागतार्ह वाटते. परंतु आवाज पूर्णत्वाकडे गेला की एक जुनी भीती परत येते. डिसेंबर २०१९ मध्ये, १९८९ साली दिवंगत झालेल्या मिसोरा हिबारी यांच्या आवाजातील एक नवे गीत एनएचकेच्या वर्षअखेरीच्या गायन-कार्यक्रमात यामाहाच्याच तंत्राने सादर झाले. काही श्रोते गहिवरले, तर गायक यामाशिता तात्सुरो यांनी त्यावर कठोर टीका केली. मिकूच्या गाण्यात फुजिता साकी यांची संमती आहे. शिवाय त्या आवाजाला निराळे नाव आहे. मिकूने काहीही गायिले तरी ते फुजितांचे म्हणणे ठरत नाही. हिबारींच्या बाबतीत वारसांची अनुमती मिळू शकते, पण ते गीत गावे की नाकारावे हे ठरवणारी व्यक्तीच उरलेली नाही.

हा प्रश्न आता जपानपुरता नाही. गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची कृत्रिम बुद्धिमत्तेने नक्कल करण्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये अंतरिम संरक्षण दिले; २०२५ मध्ये आशा भोसले यांनाही तशाच स्वरूपाचे संरक्षण मिळाले. या दोन्ही प्रकरणांत वादाचा विषय असलेला आवाज ओळखीचा होता आणि तो ओळखीचा असणे हेच त्याचे मोल होते. सापोरोच्या कंपनीला ज्या गायकांनी २००७ पूर्वी नकार दिला, त्यांना नेमकी हीच धास्ती वाटली होती. त्या वेळचे तंत्र मात्र त्यांचा गळा हुबेहूब उचलण्याइतके समर्थ नव्हते.