आमच्या पेहरावाची प्रेरणा

बागलाण तालुक्यातील नामपूरच्या बाजारात आमची तरुण मुले नटांचे फोटो पाहून शर्ट निवडतात. निवडू देत! पण नीटनेटके कपडे घालणे हाच आमच्यासाठी एकेकाळी गुन्हा होता, हे त्यांना सांगणार कोण?

मनुस्मृतीने चांडाळांना मृतांची वस्त्रे आणि लोखंडाचे दागिने नेमून दिले. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आमच्या मायबहिणींना बजावले : लुगडे घोट्यापर्यंत नेसा, जात ओळखू येईल असे दागिने टाका, कपडे फाटके असले तरी स्वच्छ ठेवा. त्या माउल्यांनी नेसण्याची रीतच बदलली. ती नुसती फॅशन नव्हती, ते बंड होते! बाबासाहेबांचा सूटही श्रीमंतीचा थाट नव्हता, तो समतेचा दावा होता. १९५६ साली नागपुरात शुभ्र वस्त्रांत लोटलेला जनसागर हेच सांगत होता.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : जीन्स घाला, साडी नेसा, आवड तुमची. मात्र कर्ज काढून मिरवू नका आणि ही निवड कोणी मिळवून दिली, ते विसरू नका. जयभीम!